बटाट्याच्या जातींमधील प्रकाशसंश्लेषणाचा फरक शेतात कसा मोजावा

इंदूरजवळ महू तालुक्यात आमचे थोडे शेत आहे आणि दर हिवाळ्यात त्यात बटाटा असतो. काही वर्षांपूर्वी एम.एस्सी. करत असलेल्या माझ्या भाचीने त्या शेतात कुफ्री ज्योती आणि कुफ्री लवकर या दोन जातींच्या पानांचे प्रकाशसंश्लेषण मोजायला घेतले. पान चिमट्यात धरून त्याने शोषलेला कार्बन डायऑक्साइड मोजणारे यंत्र उसने आणलेले होते आणि ते एकच दिवस मिळणार होते, म्हणून आम्ही सकाळी साडेनऊपासून ज्योतीच्या ओळी उरकल्या, बांधावर बसून पोहे खाल्ले आणि साडेबारानंतर कुफ्री लवकरच्या ओळी घेतल्या. ज्योती सरस ठरली, आणि तीही थोडीथोडकी नव्हे. योगायोगाने यंत्र दुसऱ्या दिवशीही आमच्याकडे राहिले, तेव्हा सहज म्हणून क्रम उलटा केला, तर कुफ्री लवकर तितक्याच फरकाने पुढे. भाचीने वही मिटली आणि विचारले, "मामा, आपण जाती मोजल्या की घड्याळ?"

त्या प्रश्नातच या विषयाची सगळी मेख आहे. एकाच झाडाच्या वरच्या आणि खालच्या पानांत, किंवा एकाच पानाच्या सकाळ-दुपारच्या वागण्यात जो फरक पडतो, तो दोन जातींमधल्या खऱ्या फरकापेक्षा बहुधा मोठा असतो. त्यामुळे येथे सांगितलेल्या कृतीचा बराचसा भाग यंत्राविषयी नसून, जातीखेरीज बाकीच्या गोष्टी सारख्या कशा ठेवाव्यात याविषयी आहे. ज्यांच्याकडे यंत्र नाही, त्यांच्यासाठीही पुढे काही साध्या पद्धती दिल्या आहेत.

मोजायचे काय

बटाटा ही सी-३ गटातील, म्हणजे कार्बन डायऑक्साइड आधी तीन कार्बनच्या संयुगात बांधणारी, वनस्पती आहे. पानावरील पर्णरंध्रांतून कार्बन डायऑक्साइड आत येतो आणि त्याच वाटेने पाण्याची वाफ बाहेर पडते. बटाट्याच्या पानाला दोन्ही बाजूंना पर्णरंध्रे असतात, मात्र खालच्या बाजूस ती अधिक असतात. पानाचा वायू-विनिमय मोजताना चार आकडे हाती येतात. पहिला निव्वळ प्रकाशसंश्लेषणाचा वेग, जो दर चौरस मीटर पानामागे दर सेकंदाला किती मायक्रोमोल कार्बन डायऑक्साइड शोषला गेला, असा सांगतात. दुसरा बाष्पोत्सर्जनाचा, म्हणजे पानातून वाफ जाण्याचा, वेग. तिसरा पर्णरंध्रांची वाहकता, म्हणजे दारे किती उघडी आहेत याचे माप. चौथा पानाच्या आतील पोकळ्यांमधील कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण. हा चौथा आकडा थेट मोजला जात नाही, तो पहिल्या तिघांवरून गणिताने काढला जातो, त्यामुळे पहिल्या तिघांतली प्रत्येक चूक त्यात मुकाट्याने उतरते. निरोगी, पाणी मिळालेल्या, नुकत्याच पूर्ण वाढलेल्या पानात चांगल्या उन्हात पहिला आकडा साधारणपणे १५ ते २५ च्या दरम्यान आढळतो. तो ४ किंवा ४५ दिसला, तर जातीचे कौतुक किंवा निंदा करण्याआधी यंत्राकडे पाहावे.

जाती आणि बेणे

आपल्याकडच्या बहुतेक जातींच्या नावाआधी 'कुफ्री' येते, ते सिमल्याजवळच्या कुफ्री या गावामुळे. केंद्रीय बटाटा संशोधन संस्था १९४९ मध्ये पाटण्याला सुरू झाली आणि १९५६ मध्ये सिमल्याला गेली. ग्वाल्हेरलाही तिचे प्रादेशिक केंद्र आहे. माळव्यातील तुलनेसाठी एकमेकींसारख्या जाती घेण्यापेक्षा स्वभावाने वेगळ्या जाती घ्याव्यात. कुफ्री ज्योती (१९६८) ही मध्यम मुदतीची आणि सर्वपरिचित, म्हणून ती मोजपट्टीसारखी ठेवावी. कुफ्री लवकर (१९७२) नावाप्रमाणे लवकर पोसते, आणि हे नाव मराठी कानाला समजावून सांगावे लागत नाही. कुफ्री चिप्सोना-१ (१९९८) ही चिप्ससाठी काढलेली आणि अधिक दिवस घेणारी जात आहे. कुफ्री सूर्या (२००६) रात्री उबदार असतानाही कंद धरण्यासाठी ओळखली जाते. चार जाती पुरेत. आठ जातींचा मोह मोजणीच्या दिवशी महाग पडतो, कारण वेळ तेवढाच असतो.

बेण्याकडे दुर्लक्ष झाले, तर पुढची सगळी मेहनत फुकट जाते. एका जातीचे बेणे शीतगृहातून प्रमाणित आले आणि दुसरीचे घरच्या तीन पिढ्यांचे असले, तर आपण जातींची तुलना करत नसून विषाणूंची तुलना करत असतो. पाने वळवणारे आणि चट्टेपट्टे आणणारे विषाणू प्रकाशसंश्लेषण कमी करतात, आणि सौम्य लागण डोळ्याला दिसतही नाही. म्हणून सर्व जातींचे बेणे शक्यतो एकाच ठिकाणचे, एकाच पिढीचे आणि एकाच दिवशी शीतगृहातून बाहेर काढलेले असावे. न कापलेले, ४० ते ५० ग्रॅमचे, सारखे कोंब फुटलेले कंद निवडावेत. लागवड ६० बाय २० सेंटिमीटरवर करावी, खत आणि मातीची भर सगळीकडे एकाच दिवशी द्यावी.

शेताचे चार खंड पाडावेत आणि प्रत्येक खंडात चारही जातींचा एकेक वाफा चिठ्ठी टाकून ठरवावा. वाफा किमान पाच ओळींचा असावा, कारण कडेच्या ओळी आणि ओळीच्या टोकांची झाडे मोजायची नसतात. त्यांना ऊन आणि वारा जास्त मिळतो, त्यामुळे ती वेगळीच वागतात. खंड पाडताना उताराकडे लक्ष द्यावे. आमच्या काळ्या जमिनीत खालच्या अंगाला पाणी दोन दिवस जास्त थांबते, म्हणून खंड उताराला आडवे पाडले आहेत, जेणेकरून एका खंडातील चारही वाफ्यांना ओल सारखी मिळेल.

कोणते पान

बटाट्याचे पान संयुक्त असते. मधल्या दांड्यावर पर्णिकांच्या जोड्या आणि टोकाला एक मोठी पर्णिका. मोजणीसाठी ही टोकाची पर्णिका घ्यावी, कारण ती रुंद असते आणि चिमट्यात नीट बसते. शेंड्याकडून मोजत तिसरे किंवा चौथे, पूर्ण उलगडलेले पान निवडावे आणि एकदा ठरवले की सर्व झाडांवर तेच ठेवावे. पूर्ण वाढीच्या सुमारास पानाचा प्रकाशसंश्लेषणाचा वेग सर्वाधिक असतो आणि त्यानंतर तो पानाच्या वयाबरोबर उतरत जातो.

येथे एक चकवा आहे आणि तो बारकाईने समजून घ्यावा. लागवडीपासून ७० व्या दिवशी कुफ्री लवकरच्या शेंड्याला नवी पाने येणे जवळजवळ थांबलेले असते, त्यामुळे तिचे 'शेंड्याकडून चौथे पान' तीन आठवड्यांचे जून असू शकते. त्याच दिवशी चिप्सोनाचे चौथे पान जेमतेम दहा दिवसांचे असते. दोन्ही पाने एकाच जागेवरची, पण वयाने बाप-लेक. यावर उपाय साधा आहे. ४० व्या दिवसापासून दर चार-पाच दिवसांनी, नुकत्याच उलगडलेल्या पानाच्या देठाला लोकरीचा धागा सैल बांधावा आणि प्रत्येक तारखेला वेगळा रंग घ्यावा. मग मोजणीच्या दिवशी 'सारख्या जागेचे पान' आणि 'सारख्या वयाचे पान' अशा दोन्ही तुलना करता येतात. दोन्हींचे उत्तर वेगळे आले, तर जातींमधला फरक पानाच्या गुणाचा नसून पिकाच्या मुदतीचा आहे, असे समजावे. तोही फरक खराच आहे, फक्त त्याचे नाव वेगळे आहे.

करप्याचे गोल डाग, माव्याचा चिकटा, फाटलेली किंवा मातीने माखलेली पर्णिका घेऊ नये. फवारणी केलेल्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी मोजणी टाळावी.

कोणती वेळ

घड्याळातले बारा आणि डोक्यावरचे बारा एकच नसतात. आपले घड्याळ ८२.५ अंश रेखांशावर लावलेले आहे आणि इंदूर ७५.९ अंशांच्या आसपास आहे. प्रत्येक अंशामागे चार मिनिटे धरली, तर आपला मध्यान्ह सरासरीने २७ मिनिटे उशिरा येतो. त्यातही ऋतूप्रमाणे फरक पडतो. नोव्हेंबरच्या मध्यात सूर्य सुमारे १२ वाजून ११ मिनिटांनी माथ्यावर येतो, नाताळाच्या सुमारास १२.२७ ला आणि फेब्रुवारीच्या मध्यात १२.४० ला. याचा उपयोग असा, की नोव्हेंबरातले साडेनऊ आणि फेब्रुवारीतले साडेनऊ यांत अर्ध्या तासाचा सौर फरक असतो. दोन महिन्यांची तुलना करायची असेल, तर मोजणीची वेळ 'मध्यान्हाआधी किती' अशी धरावी.

माळव्याच्या हिवाळ्यात सकाळी पानावर दव असते. ओल्या पानावर चिमटा लावला, तर पर्णरंध्रांऐवजी दवच मोजले जाते आणि बाष्पोत्सर्जनाचा आकडा हवेत उडतो. दव पुसू नये, वाळू द्यावे, कारण पुसताना पानाचे केस आणि कडा दुखावतात. आमच्याकडे डिसेंबरात साडेनऊनंतर पाने कोरडी होतात. दुसरीकडे दुपारी हवा कोरडी होते, पानातून पाणी वेगाने जाऊ लागते आणि झाड पर्णरंध्रे आवरून घेते, त्यामुळे प्रकाशसंश्लेषणही खाली येते. बटाट्याची मुळे उथळ असल्याने हे आवरणे इतर काही पिकांपेक्षा लवकर सुरू होते. आमच्या पहिल्या दिवसाचा घोटाळा नेमका येथेच झाला होता. एकंदरीत पावणेदहा ते बारा ही दोन-सव्वादोन तासांची खिडकी हाती राहते आणि तिच्यातच सगळे बसवायचे असते.

मोजणी पाण्याच्या पाळीनंतर दोन-तीन दिवसांनी, जमीन वाफशावर आल्यावर ठेवावी. आकाश निरभ्र असावे. तरंगते ढग असतील, तर पान दर मिनिटाला नवा विचार करते.

यंत्र लावणे

इन्फ्रारेड गॅस अॅनालायझर असलेल्या या यंत्रात पानाचा ठरावीक तुकडा एका लहान कोष्ठात चिमटला जातो, त्यावरून ठरावीक वेगाने हवा वाहते आणि आत शिरणाऱ्या व बाहेर पडणाऱ्या हवेतील कार्बन डायऑक्साइड आणि वाफ यांचा फरक मोजला जातो. हा फरक किती लहान असतो, हे एकदा कागदावर करून पाहावे, म्हणजे हात आपोआप सावध होतो. कोष्ठात ६ चौरस सेंटिमीटर पान आहे, हवेचा वेग सेकंदाला ५०० मायक्रोमोल आहे आणि पानाचा वेग २० आहे, असे धरू. २० ला ०.०००६ ने (चौरस मीटरमधील पान) गुणावे, येणारा ०.०१२ हा आकडा ०.०००५ ने (मोलमधील हवा) भागावा, उत्तर २४ येते. म्हणजे ४०० पीपीएमची (दहा लाख भागांत ४०० भाग कार्बन डायऑक्साइड असलेली) हवा आत गेली आणि ३७६ ची बाहेर आली. सारा खेळ या २४ पीपीएमचा आहे. आता दोन अॅनालायझर (एक आत जाणाऱ्या हवेचा, एक बाहेर पडणाऱ्या) एकमेकांशी जुळलेले नसतील आणि त्यांच्यात केवळ १ पीपीएमचा फरक असेल, तरी उत्तरात ०.८ ची चूक शिरते. माणसाच्या उच्छ्वासात सुमारे ४ टक्के, म्हणजे ४० हजार पीपीएम कार्बन डायऑक्साइड असतो. यंत्राच्या हवेच्या नळीजवळ वाकून कोणी "किती आले?" असे विचारले, की आलेले सगळे गेले.

म्हणून यंत्र सुरू करून किमान अर्धा तास गरम होऊ द्यावे. शोषक रसायनांचे रंग पाहावेत आणि रंग बदललेला असल्यास ती बदलावीत. रिकामा चिमटा बंद करून, स्ट्रॉने त्याच्या रबरी कडेभोवती हलकेच फुंकर घालावी. आतला आकडा हलला, तर कड गळते आहे. हवा घेणारी नळी दोन-अडीच मीटर उंच काठीला बांधावी आणि वाटेत वीस लिटरचा स्वच्छ रिकामा कॅन जोडावा, म्हणजे हवेतील झटके त्यात विरून जातात. आमच्या शेजारच्या शेतात एकदा डिझेल पंप सुरू झाला आणि आमच्या हवेचा आकडा झाडावर चढल्यासारखा वर गेला. त्या दिवसापासून कॅन विसरलेलो नाही. दोन अॅनालायझर जुळवण्याची क्रिया दर अर्ध्या तासाने आणि प्रत्येक नव्या खंडाच्या सुरुवातीला करावी.

सर्व जातींसाठी कोष्ठातील परिस्थिती एकच ठेवावी. प्रकाश दर चौरस मीटरला दर सेकंदाला १२०० मायक्रोमोल, आत येणारा कार्बन डायऑक्साइड ४०० पीपीएम, पानाचे तापमान २५ अंश, आणि हवेचा कोरडेपणा असा, की पान आणि हवा यांतील बाष्पदाबाचा फरक १ ते १.५ किलोपास्कलमध्ये राहील. २५ अंशांना साधारण ६० टक्के आर्द्रता असली, की तो १.३ च्या आसपास येतो. डिसेंबरअखेर इंदूरला सूर्य मध्यान्हीसुद्धा क्षितिजापासून ४४ अंशांवरच असतो, त्यामुळे २००० मायक्रोमोलचा प्रकाश लावणे म्हणजे पानाला न पाहिलेला उन्हाळा दाखवणे होय. आणखी एक गोष्ट. इंदूर समुद्रसपाटीपासून सुमारे साडेपाचशे मीटरवर आहे आणि येथे हवेचा दाब ९५ किलोपास्कलच्या आसपास असतो. यंत्र १०० च्या पुढे दाखवत असेल, तर त्याचा दाबमापक बिघडला आहे किंवा कोणीतरी तो आकडा हाताने भरला आहे.

पर्णिका कोष्ठ पूर्ण भरते आहे ना, ते डोळ्यांनी पाहावे. सहापैकी चारच चौरस सेंटिमीटर पान आत असेल आणि यंत्राला सहा सांगितले असेल, तर २० चे १३ होतात. लहान पर्णिकांच्या जातीवर हा अन्याय हमखास होतो. अशा वेळी चिमटलेल्या भागाची कड पेनने आखून घ्यावी, नंतर ते पान तोडून आलेख-कागदावर क्षेत्र काढावे आणि आकडा दुरुस्त करावा.

चिमटा लावल्यावर लगेच आकडा नोंदवू नये. उन्हातले पान कोष्ठात दोन ते चार मिनिटांत स्थिर होते, पण सावलीत असलेल्या पानाची पर्णरंध्रे पूर्ण उघडायला पंधरा मिनिटे ते अर्धा तास लागू शकतो. म्हणून नेहमी उन्हातलेच पान घ्यावे, आणि ते घेताना स्वतःची सावली त्यावर पाडून उभे राहू नये. हे लिहिताना हसू येते, पण फोटोत आम्ही तसेच उभे आहोत.

क्रम

एक जात पूर्ण संपवून दुसरीकडे जाणे ही आमची मूळ चूक होती. एक खंड घ्यावा, त्यातील चारही जाती मोजाव्यात आणि मगच पुढच्या खंडात जावे. पहिल्या खंडात ज्योतीने सुरुवात केली, तर दुसऱ्यात कुफ्री लवकरने, तिसऱ्यात चिप्सोनाने आणि चौथ्यात सूर्याने करावी, म्हणजे प्रत्येक जात एकदा पहिली आणि एकदा शेवटची येते आणि घड्याळाचा पक्षपात फिटतो. प्रत्येक वाफ्यातील दोन झाडे घेतली, तर ३२ पाने होतात. पानामागे चार मिनिटे धरली, तर दोन तास आठ मिनिटे लागतात, म्हणजे खिडकीत नेमके बसते. हीच मोजणी ४५ व्या, ६० व्या आणि ७५ व्या दिवसाच्या आसपास पुन्हा करावी.

हिशेब करताना ३२ नोंदी म्हणजे ३२ स्वतंत्र पुरावे, असे मानू नये. एका वाफ्यातील दोन पाने एकमेकांची भावंडे असतात. त्यांची सरासरी काढून १६ वाफ्यांवर विचरण-विश्लेषण (जातींमधला फरक योगायोगाच्या चढउतारापेक्षा मोठा आहे का, हे पाहणारी सांख्यिकी पद्धत) करावे. चार जाती आणि चार खंड असल्यास चुकीच्या (योगायोगाच्या चढउताराच्या) वाट्याला नऊच स्वातंत्र्य-मात्रा, म्हणजे मोकळे आकडे, उरतात, आणि तेवढ्यात २० आणि २१ मधला फरक सिद्ध होणे कठीण असते. ते मान्य करावे.

आकड्यांचा अर्थ

समजा, 'अ' जातीचा वेग १८ आणि वाहकता ०.२५ आली, 'ब' चा वेग १४ आणि वाहकता ०.१५, आणि 'क' चा वेगही १४, पण वाहकता ०.३० आली. 'ब' आणि 'क' दोघी सारख्याच मागे दिसतात, पण त्यांची कारणे विरुद्ध आहेत. वेगाला १.६ ने गुणून वाहकतेने भागले आणि ते पानाभोवतीच्या हवेतून, म्हणजे ३८० मधून वजा केले, तर पानाच्या आतील कार्बन डायऑक्साइड ढोबळमानाने कळतो. 'अ' मध्ये तो २६५ येतो, 'ब' मध्ये २३१ आणि 'क' मध्ये ३०५. 'ब' च्या पानात कच्चा मालच कमी पोहोचतो, कारण दारे अर्धवट मिटलेली आहेत. 'क' च्या पानात माल भरपूर पडून आहे, पण कारखाना मंद आहे. तेथे नत्र, पानाचे वय, विषाणू किंवा विकराचे (एन्झाइमचे) प्रमाण तपासावे. पाण्याच्या दृष्टीने पाहिले, तर वेग भागिले वाहकता हे गुणोत्तर 'ब' मध्ये ९३, 'अ' मध्ये ७२ आणि 'क' मध्ये ४७ येते. विहिरीचे पाणी जानेवारीत आटणाऱ्या शेतकऱ्याला 'ब' वाईट वाटणार नाही.

कारखान्याची क्षमता वेगळी काढायची असेल, तर एकाच पानावर कार्बन डायऑक्साइड बदलत वक्र काढतात. सुरुवात ४०० ने करावी, ३००, २००, १०० आणि ५० पर्यंत उतरावे, परत ४०० वर येऊन पान पूर्ववत आहे याची खात्री करावी आणि मग ६००, ८००, १००० आणि १२०० पर्यंत चढावे. फार्कर, फॉन केमरर आणि बेरी यांनी १९८० मध्ये मांडलेल्या प्रतिमानात (गणिती मॉडेलमध्ये) हा वक्र बसवला, की कार्बन डायऑक्साइड पकडणाऱ्या रुबिस्को विकराची कमाल क्षमता आणि इलेक्ट्रॉन-वहनाची कमाल क्षमता मिळते. एका पानाला अर्धा तास लागतो, म्हणून जातीमागे चार-पाच पानांवरच हे करावे.

उष्णतेतला फरक पाहायचा असल्यास वीस दिवस उशिरा लावलेला एक संच ठेवावा, म्हणजे त्याची मोजणी फेब्रुवारीअखेर, दिवसाचे तापमान तिशीच्या पुढे जाऊ लागते तेव्हा, करता येते. बटाट्याच्या पानाला २० ते २५ अंश मानवतात. पण सूर्यासारख्या जातीचे वैशिष्ट्य केवळ दिवसाच्या पानात शोधू नये. रात्रीचे श्वसन तापमान १० अंशांनी वाढले, की सुमारे दुप्पट होते, आणि कंद धरण्याचा निर्णयही रात्रीच्या गारव्यावर अवलंबून असतो.

यंत्र नसेल तर

पर्णरंध्रांचा ठसा घेणे सर्वांत सोपे आहे. पर्णिकेच्या खालच्या बाजूला, शिरा टाळून, पारदर्शक नेलपॉलिशचा पातळ थर द्यावा, दहा-पंधरा मिनिटे वाळू द्यावा, त्यावर सेलोटेप दाबून उचलावा आणि काचपट्टीवर चिकटवावा. बटाट्याच्या पानाला केस असतात, थर जाड झाला, की ठशात केसच दिसतात. ४०० पट मोठे करून पाहिल्यावर दिसणाऱ्या वर्तुळाचा व्यास ०.४५ मिलिमीटर असेल, तर त्याचे क्षेत्रफळ ०.१६ चौरस मिलिमीटर होते. त्यात २४ पर्णरंध्रे दिसली, तर चौरस मिलिमीटरला १५० झाली. दहा ठिकाणी मोजावे, वरच्या बाजूचाही ठसा घ्यावा. ही संख्या दारांची आहे, दारे उघडी किती याची नव्हे.

उघडेपणाचा अंदाज पानाच्या तापमानावरून येतो. ज्या पानातून वाफ जास्त जाते ते गार राहते. बाजारात मिळणाऱ्या इन्फ्रारेड थर्मामीटरचे अंतर आणि ठिपका यांचे प्रमाण ८ ला १ असेल, तर १६ सेंटिमीटरवरून तो २ सेंटिमीटरचा ठिपका पाहतो. तेवढ्यात फक्त पान यावे, मागची तापलेली माती येऊ नये. एकाच खंडातील चार जाती पाच मिनिटांत पाहून घ्याव्यात. आकड्यापेक्षा त्यांचा आपसातला क्रम महत्त्वाचा आहे.

तिसरी पद्धत जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ सॅक्स यांची, अर्ध्या पानाची. सकाळी आठ वाजता पर्णिकेच्या मध्यशिरेच्या डाव्या अंगातून एक चौरस सेंटिमीटरच्या चकत्या काढाव्यात, दुपारी बाराला त्याच पर्णिकांच्या उजव्या अंगातून तेवढ्याच काढाव्यात, दोन्ही ८० अंशांवर वजन स्थिर होईपर्यंत वाळवाव्यात आणि तोलाव्यात. पानाचा वेग २० असेल, तर ५० चकत्यांत तासाला सुमारे ११ मिलिग्रॅम साखर तयार होते. त्यामुळे स्वयंपाकघरातील काटा चालत नाही, मिलिग्रॅम दाखवणारा हवा. आम्ही इंदूरच्या सराफा बाजारातल्या ओळखीच्या सोनाराकडे पुड्या घेऊन गेलो, त्याने तोलून दिल्या आणि दुकान मिटायच्या वेळी बाहेर गराडूचा (तळलेल्या कंदाचा) ठेला लागेपर्यंत आमचा हिशेबही झाला. या पद्धतीची एक मर्यादा मात्र लक्षात ठेवावी. तयार झालेली साखर पानात बसून राहत नाही, ती कंदांकडे निघून जाते. त्यामुळे ज्या जातीचे कंद जोमाने ओढून घेत असतात, तिच्या पानाचे वजन कमी वाढलेले दिसते आणि चांगली जात आळशी ठरते.

पानापासून कंदापर्यंत

ही ओढ उलट दिशेनेही काम करते. कंद काढून टाकले, तर साखर तुंबते आणि पानाचा वेग उतरतो. म्हणूनच एका पानाचा वेग आणि वाफ्याचे उत्पादन यांची जोडी जातीजातींत सरळ जुळत नाही. किती जमीन पानांनी झाकली, ती किती दिवस हिरवी राहिली आणि बनलेल्यातले किती कंदात उतरले, यांचे वजन सहसा जास्त असते. यासाठी दर आठवड्याला प्रत्येक वाफ्याचा छातीच्या उंचीवरून सरळ खाली धरून मोबाइलने फोटो घ्यावा आणि हिरव्या भागाची टक्केवारी काढावी. पानाच्या वेगाशेजारी ही टक्केवारी लिहिली, की १८ वेग असलेली जात १५ वाल्या जातीच्या मागे का राहिली, हे बहुधा तिथेच दिसते.

काढणीच्या वेळी मधल्या ओळींतील दहा झाडे घ्यावीत, ज्यांची पाने मोजली होती ती त्यांत असावीत. झाडपाला आणि कंद वेगळे तोलावेत. प्रत्येक वाफ्यातील पाच-सहा कंदांचे देठापासून डोळ्यापर्यंत उभे काप करून त्यांतील २०० ग्रॅम पातळ चकत्या ८० अंशांवर वाळवाव्यात. वाळून ४० ग्रॅमच्या वर उरल्या, तर घन पदार्थ २० टक्क्यांच्या वर आहेत आणि चिप्सवाले तो माल घेतात. ज्योती आणि चिप्सोना यांत पानाच्या आकड्यांपेक्षा मोठा फरक आम्हाला या ताटात दिसला. पुड्यांवर जात, खंड आणि वाफा पेन्सिलीने लिहावा, कारण शाई भट्टीत उडते.